येपरच्या दुकानातला पितळी फ्यूज: माल अस्सल, चिठ्ठी चुकीची

बेल्जियममध्ये येपर गावाबाहेर, रस्त्यालगत, जुन्या युद्धसामानाचं एक छोटं दुकान आहे. मुलाकडे ब्रसेल्सला आलो की तिथे चक्कर ठरलेली. या खेपेला तोफगोळ्याच्या टोकावर बसणारा, गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा एक पितळी फ्यूज ३५ युरोंना घेतला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘जर्मन, पहिलं महायुद्ध’.

माझी नोकरी टूलरूममध्ये झाली, त्यामुळे पितळ हातात आलं की मी आधी ठसे बघतो. मालकांनी भिंग दिलं, टॉर्च दिली, घाई अजिबात केली नाही. टॉर्च आडवी धरली की पंचनं मारलेला झिजलेला ठसासुद्धा उठून दिसतो. बुडाच्या पट्टीवर ‘८०’, शेजारी ‘टी अँड पी’ (टाइम अँड पर्कशन, म्हणजे ठरल्या वेळी किंवा आदळल्यावर फुटणारा), आणि थोडं पुढे तीन रेघांचा बाण. हा बाण ब्रिटिश सरकारी मालाचा. तोच इंग्रजी ‘सी’च्या पोटात असता तर कॅनडाचा म्हटला असता. म्हणजे हा ब्रिटिशांचा ८० नंबरचा फ्यूज, १८ पौंडी तोफेच्या श्रॅपनेल, म्हणजे छर्रे भरलेल्या, गोळ्याचा.

फ्यूजच्या फिरत्या कड्यावरचे वेळेचे आकडेही तेच सांगतात: ० ते २२. जर्मन मैदानी तोफेच्या ‘डॉप झेड ९६’ या फ्यूजवर अंतर मीटरमध्ये असतं. इथे तोफेवरचा सैनिक कडं फिरवून वेळ लावायचा, आतल्या खाचेतली दारू तेवढा वेळ जळायची आणि गोळा हवेतच फुटून सुमारे ३७५ छर्रे खाली खंदकांवर कोसळायचे. कड्यावरच्या रेघा आजही इतक्या सारख्या आणि स्वच्छ आहेत की ज्यानं त्या आखल्या त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

चिठ्ठी चुकली त्याला कारणही आहे. या फ्यूजची घडण मुळात क्रुप या जर्मन कंपनीची. ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीनं १९०२ साली क्रुपकडून परवाना घेतला होता, आणि युद्ध संपल्यावर क्रुपनं रॉयल्टीसाठी दावाही लावला. त्यामुळे नुसता आकार बघून देश ठरवू नका, ठसा वाचा. हे सांगितल्यावर मालकांनी माझ्यासमोरच चिठ्ठी बदलली. वर फ्यूज उघडून आत दारू नाही, पोकळ आहे, हेही दाखवलं. मला हे सगळ्यात मोलाचं वाटलं. तिथल्या शेतात अजून जिवंत गोळे निघतात आणि ते पोएलकापेलच्या लष्करी पथकाकडे जातात. वाटेत पडलेल्या वस्तूला कुणीही हात लावू नये.

दोन तक्रारी. काही नग चकाचक पॉलिश केलेले आहेत, त्यांवरची अक्षरं पार गेली आहेत. ते घेऊ नका. आणि घरी आणलात तर कृपा करून पितांबरी लावू नका, कोरड्या फडक्यानं पुसा. दुसरी तक्रार कार्डाची: दुकानात फक्त रोख चालते.

पुढच्या खेपेला तिथला ‘२२/३१’ हा फ्रेंच फ्यूज घ्यायचा आहे. त्याला फिरवायचं कडं नाही, वेळेप्रमाणे भोक पाडावं लागायचं. मालकांना तो बाजूला ठेवायला सांगून आलोय.