चार्टप्लॉटर आणि कागदी नकाशा: मुंबई बंदरातल्या एका मोसमानंतर

पाऊस संपल्यापासून मेपर्यंत शिडाच्या होडीवर दोन्ही साधनं बरोबरीने वापरली: एकीकडे चार्टप्लॉटर (जीपीएसने होडीची जागा नकाशावर दाखवणारा स्क्रीन) आणि फोनवरचं ॲप, दुसरीकडे कागदी नकाशा, डिव्हायडर आणि हातात धरायचं होकायंत्र. नव्याने शिकणाऱ्याने सुरुवात कागदापासूनच करावी, असं माझं ठाम मत झालंय.

प्लॉटरचं मोठेपण आधी सांगतो. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या वर फरक पडतो, त्यामुळे बंदराच्या तोंडाशी ओढ जबरदस्त असते. होडीचं नाक मांडव्याकडे असतं आणि ओहोटी तिला पश्चिमेला, बाहेर ओढत असते. प्लॉटरवर नाकाची रेघ आणि प्रत्यक्ष वाटचालीची रेघ वेगवेगळी दिसते. त्या दोन रेघांमधली फट बघून प्रवाह जितका चटकन कळला, तितका कुठल्याही पुस्तकातून कळला नव्हता.

पण त्या फटीचं कारण कळतं ते हाताने रेघा मारल्यावर. मांडव्याबाहेर आल्यावर वायव्येला प्राँग्सचं दीपगृह, दक्षिणेला खांदेरीवरचं कान्होजी आंग्रे दीपगृह आणि उरणकडचा द्रोणागिरी अशी तीन बेअरिंग (होकायंत्राने मोजलेल्या त्या खुणांच्या दिशा) घ्यायची. कागदावर तीन रेघा ओढल्या की छोटा त्रिकोण उमटतो. त्यातच कुठेतरी आपण. त्रिकोण मोठा आला तर काहीतरी चुकलंय हे तोच सांगतो. स्क्रीनवरचा ठिपका मात्र नेहमी तितक्याच खात्रीने चमकत असतो. मुंबईला चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एक अंशाचाही फरक नाही, म्हणून इथे शिकणं सोपं जातं. फक्त होकायंत्राजवळ फोन ठेवू नका, काटा लगेच हलतो.

झूमचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इलेक्ट्रॉनिक नकाशा लहान केला की उथळ जागांचे तपशील गळू शकतात. 2014 मध्ये व्होल्वो ओशन रेसमधली वेस्टास विंड ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या खडकांवर चढली, त्यामागे हेच होतं. आणि त्या बोटीवर जगातले निष्णात खलाशी होते! म्हणून मार्ग कागदावर आखायचा, मग प्लॉटरवर पूर्ण झूम करून इंच-इंच तपासायचा, हा क्रम मी सोडत नाही.

बाकी किरकोळ: दुपारच्या उन्हात फोन धड वाचता येत नाही, ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. 2बी पेन्सिल मात्र कुठेही चालते.

सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजून जागा काढायचं साधन) आत्ताच घ्यायची गरज नाही. अभिलाष टॉमी 2022 च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये जीपीएसशिवाय पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरे आले, ते वाचून मलाही मोह होतोय. पण किनाऱ्याजवळ होकायंत्र पुरतं.

पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात. तेवढ्यात डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचा मुंबई बंदराचा नकाशा आणि भरतीचं कोष्टक मागवा, आणि गेटवे ते खांदेरी मार्ग घरच्या टेबलावर आखायला घ्या.