दुबईहून बेळगावला काय आणावं: खजूर, केशर, अत्तर की सोनं?

आधी घरं मोजा. सासर, माहेर, गल्लीतले शेजारी, ऑफिसातली मंडळी धरली की यादी सहज पंचवीसवर जाते. घरटी पाव किलो खजूर म्हटला तरी सव्वासहा किलो झाला. तिकिटावर वीस किलो सामान असेल तर जवळजवळ तिसरा हिस्सा तिथंच संपला. म्हणून प्रत्येक वस्तूला तीन कसोट्या लावायच्या: बेळगावच्या रविवार पेठेत ती मिळते का, वाटायला किती वजन लागतं, आणि गोव्याला उतरून चोर्ला घाटानं किंवा मुंबई-बेंगळुरूहून रात्रीच्या बसनं घरी येईपर्यंत ती टिकते का.

खजूर पहिल्या कसोटीवर अर्धाच उतरतो. किमिया नावानं पेठेत मिळणारा मऊ, काळा खजूर म्हणजे इराणचा मझाफाती. तोच दुबईहून वाहून आणणं म्हणजे विकतची हमाली. आणायचा तर इथं सहज न मिळणारा आणा. खलास हा आखातातला रोजच्या खाण्याचा खजूर. रंग तपकिरी, चव जळत्या साखरेच्या पाकासारखी, भाव आटोक्यात. वाटपासाठी यासारखा दुसरा नाही. सुक्करी सौदीच्या कसीम भागातला, सोनेरी आणि फार गोड; चहाबरोबर दोनच्या वर जात नाही. मेडजूल मोठा, मांसल, दिसायला झकास, पण किलोत साधारण पंचेचाळीस-पन्नासच बसतात, म्हणजे पाव किलोत डझनभर. अजवा मदिनेचा, लहान, काळसर, कमी गोड, आणि भाव मात्र सगळ्यांत चढा. त्याचं मोल धार्मिक भावनेत आहे; ज्या घरी ती भावना आहे तिथं मुद्दाम अर्धा किलो न्यावा, इतरांना खलास आणि अजवातला फरक कळत नाही.

घेताना एक खजूर उभा फोडून बघा. बीजवळ काळी भुकटी दिसली तर अळी होऊन गेली आहे. सालीखाली पांढरे, खरखरीत ठिपके असतील तर ती साखर असते. त्यावरून माल परत करू नका. पांढरा थर लोकरीसारखा असेल तर मात्र बुरशी. ताजा पिवळा बरही मोहात पाडतो, पण तो थंड ठेवावा लागतो, प्रवासात आंबतो. घरी आल्यावर घट्ट झाकणाचा डबा आणि फ्रीज. खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेत फडताळात ठेवलेला मऊ खजूर बघता बघता आंबूस होतो. आणि विमानतळावर शेवटच्या घाईत घेऊ नका, तिथं तोच डबा पुष्कळ महाग पडतो. शहरातल्या मोठ्या सुपरमार्केटात भाव लिहिलेला असतो. दुबईतल्या देऱ्याच्या बाजारात घासाघीस करता येते, पण चव घेतल्याशिवाय पैसे काढू नयेत.

वजनाच्या हिशेबात केशराला तोड नाही. पंचवीस घरांना एकेक ग्रॅम दिलं तरी माल पंचवीसच ग्रॅम. मात्र फसवणूकही इथंच जास्त. देऱ्यातला मसाला बाजार सोन्याच्या बाजाराला लागूनच आहे, दुकानदार हिंदीत हाका मारतात, आणि उघड्या टोपलीत 'केशर' म्हणून जे स्वस्तात दिसतं ते बऱ्याचदा करडईच्या पाकळ्या असतात. होय, विजापूरकडच्या काळ्या रानात पिकते तीच करडई. तिला परदेशी चलन मोजण्याची हौस कशाला?

इराणी केशराच्या प्रती समजून घ्या. सरगोल म्हणजे फक्त लाल टोकं. नेगीन म्हणजे लांब, सरळ, लालच काड्या, सगळ्यांत महाग. पुशालमध्ये काडीच्या बुडाशी थोडा पिवळा भाग राहतो, वास जवळजवळ तोच, भाव कमी. घरच्या श्रीखंडाला पुशाल पुरे, देण्याच्या डबीत नेगीन शोभतो. काश्मिरी केशराची तुलना करायची तर मोंगरा हा सरगोलसारखा आणि लच्छा हा पिवळ्या बुडासकट. काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खात्रीचा काश्मिरी मोंगरा इथंच मिळत असेल तर दुबईच्या केशरासाठी अडून बसू नका. फरक पडतो तो भावात.

पारख अशी करा. कोमट पाण्यात चार काड्या टाका. खऱ्या केशराचा पिवळा रंग सावकाश उतरतो आणि काडी लालच राहते. लगेच लाल-नारिंगी पाणी झालं आणि काडी फिकी पडली तर रंगवलेला माल. खऱ्या काडीचं एक टोक तुतारीसारखं पसरट असतं, चव कडवट असते, गोड कधीच नसते. कागदात दाबून तेलाचा डाग उमटला तर वजन वाढवायला तेल चोळलं आहे. डबीवर आयएसओ ३६३२ हे केशराचं आंतरराष्ट्रीय मानक लिहिलं असेल तर पहिल्या वर्गासाठी रंगाचा आकडा किमान २०० लागतो. पूड कधीही घेऊ नका. एका ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास काड्या भरतात आणि किलोभर चक्क्याला तीस-चाळीस पुरतात, तेव्हा घरासाठी दोन-तीन ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. उजेडात ठेवलं तर वास उडतो.

अत्तराच्या दुकानात शब्दानं घोटाळा होतो. आपण देवापुढे जाळतो तो ऊद हा लोबाणासारखा डिंक. तिकडचा 'ऊद' म्हणजे अगरूचं लाकूड आणि त्याचं तेल. वास गडद, थोडा गोठ्याच्या आणि चामड्याच्या वळणाचा. नाक सरावलेलं नसेल तर भेट मिळालेली बाटली कपाटात पडून राहते. बेळगावच्या घरात गुलाब, मोगरा, पांढरी कस्तुरी हे जास्त चालतात. माप ओळखीचं आहे: बारा मिलिलिटरच्या बाटलीला तिकडेही तोळाच म्हणतात, आणि पाव व अर्ध्या तोळ्याच्या बाटल्या वाटपाला सोयीच्या. मनगटावर लावून वीस मिनिटं बाजारात फिरा. जो वास उरेल तो विकत घ्यायचा. एका वेळी तीनपेक्षा जास्त हुंगले की नाक बधिर होतं. स्वस्त तोळ्यावर 'शुद्ध ऊद' लिहिलं असेल तर ते कृत्रिम समजा. चंदनाचं अत्तर दुबईहून आणू नका, आपण चंदनाच्या राज्यात राहतो. स्प्रेच्या बाटल्यांवर विमानाचा नियम लागतो: एक बाटली ५०० मिलिलिटरपर्यंत, माणशी सगळं मिळून दोन लिटर, हातातल्या पिशवीत मात्र १०० मिलिलिटरच्या वरची बाटली चालत नाही. बखूर, म्हणजे तिकडचा सुगंधी लाकडाचा धूप, घ्यायचा तर विजेची धुपाटणी घ्या. आपोआप पेट घेणाऱ्या कोळशाच्या टिकल्या विमानात नेता येत नाहीत. धुपाटणीची पिन तिकडची चौकोनी, तीन दांड्यांची असते. व्होल्टेज आपल्याइतकंच, फक्त अडॅप्टर लागतो.

आता सोनं, ज्यासाठी अर्धी मंडळी जातात. हा बेत आता पूर्वीसारखा फायद्याचा राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये भारतानं सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हाच दोन्हीकडच्या भावातली दरी आटली. शिवाय दागिन्यांवरची खास सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांनाच आहे. बायकांना ४० ग्रॅम, पुरुषांना २०. आठ दिवसांच्या पर्यटकाला ती लागू नाही. ती नसताना आणलेल्या सोन्यावरचं शुल्क वाचवलेले पैसे गिळून टाकतं. दुसरी गोष्ट घडणावळीची. गोल्ड सूकमध्ये, म्हणजे तिथल्या सोन्याच्या बाजारात, यंत्रावरच्या साखळ्या आणि बांगड्या स्वस्त पडतात, पण ठुशी, मोहनमाळ, कोल्हापुरी साज तिथं मागू नका. त्यासाठी बेळगावातल्या शहापूरची सराफ गल्ली आणि कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहेत. पुढे मोडताना इथल्या सराफाला इथला हॉलमार्क आणि दागिन्यावरचा सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक (एचयूआयडी) पाहिजे असतो. तो नसलेल्या दागिन्याला वितळवून तपासण्याची अट येते आणि घट धरली जाते. दुबईत वर्षानुवर्षं नोकरी करून परतणाऱ्यानं जरूर घ्यावं. पर्यटकानं बघून यावं.

तरीही घेतलंच, तर ५ टक्के व्हॅट परत मागा. एका खरेदीला किमान २५० दिरहम लागतात, पासपोर्ट दाखवून दुकानदाराकडून परताव्याचा टॅग करून घ्यावा लागतो, आणि परताव्यात ८७ टक्के मिळून टॅगमागे ४.८० दिरहम कापले जातात. पडताळणी बॅग चेक-इन करण्याच्या आधी; माल बॅगेत घालून सोडून दिला तर परतावाही गेला.

कुनाफा (कुरकुरीत शेवयांची अरबी मिठाई) आणि पिस्ता भरलेल्या चॉकलेटबद्दल थोडक्यात: पोरांना हवंच असतं, पण कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ते टिकत नाही, आतला कुरकुरीतपणाही मऊ पडतो. डिसेंबर-जानेवारीत आणा. दारूचा विचार सोडा. गोवा शेजारी असताना बाटल्या वाहून कणकुंबीच्या नाक्यावर बिल दाखवत उभं राहण्यात काय हशील?

आमची स्वतःची पसंती मात्र यादीत नसलेल्या वस्तूला: वाळवलेलं काळं लिंबू. मसाला बाजारात खूप स्वस्त, वजनाला हलकं, वर्षभर टिकतं. चार माणसांच्या तुरीच्या आमटीत एकच लिंबू, काट्यानं दोन-तीन भोकं पाडून, पंधरा मिनिटं उकळू द्या आणि न दाबता काढून टाका. दाबलं की बियांचा कडवटपणा उतरतो. आमसुलाहून वेगळा, किंचित धुरकट आंबटपणा येतो.

वाटप मोठं आणि सामान कमी असेल तर केशर आणि पाव तोळ्याची अत्तरं घ्या. वजन तीस किलो असेल तर खलास खजूर आणि वडीलधाऱ्यांसाठी मेडजूल. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, आंतरराष्ट्रीय विमान उतरत नाही, कस्टम्स पहिल्याच विमानतळावर होतं. शुल्कमाफीची रक्कम २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपये होती. आकडा बदलत असतो, म्हणून निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघा. नवराबायकोची मर्यादा एकत्र करून एकच महाग वस्तू सोडवता येत नाही. भरताना अत्तराच्या बाटल्यांच्या झाकणांना टेप लावून वेगळ्या पिशवीत घाला. खजुराच्या डब्याशेजारी एक जरी गळली तरी पाच किलो खजूर कस्तुरीच्या वासाचा होतो.