आयडीएच बदल शोधताना: अँटीबॉडी की सिक्वेन्सिंग?

ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या, गाठीत आयडीएच जनुक बदललंय का, हे आधी कळायला हवं. 2021 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात गाठीचं नावच त्यावर ठरतं. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत जनुक वाचतच नाहीत. बदललेल्या प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी ऊतीच्या पातळ कापावर घालतात. पेशी तपकिरी दिसल्या की उत्तर मिळालं. काम स्वस्त, एक-दोन दिवसांचं. शिवाय निरोगी ऊतीत विखुरलेल्या मोजक्या गाठपेशीही नजरेत भरतात. सँगर सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचायची जुनी पद्धत, नेमकं तिथेच चुकतं, कारण त्याला नमुन्यात साधारण 20 टक्के तरी बदललेला डीएनए लागतो.

पण ही अँटीबॉडी आयडीएच1 मधला आर132एच हा एकच बदल ओळखते. ग्लायोमातल्या आयडीएच बदलांपैकी सुमारे 90 टक्के तोच असतो, हे तिचं नशीब! उरलेले, आयडीएच2 मधले तर सगळेच, निसटतात. म्हणून तरुण रुग्णात रंग उमटला नाही, तर मी तेवढ्यावर विसंबणार नाही. नेक्स्ट-जनरेशन सिक्वेन्सिंग दोन्ही जनुकांसोबत टीपी53, एटीआरएक्स वगैरे इतर जनुकंही एकाच फेरीत वाचतं. अहवालाला मात्र आठवडे लागू शकतात. रुग्ण पंचावन्न किंवा त्याहून मोठा, गाठ सूक्ष्मदर्शकाखाली नमुनेदार ग्लायोब्लास्टोमा (मेंदूची अतिशय आक्रमक गाठ), आधी सौम्य दर्जाची गाठ नव्हती आणि अँटीबॉडी निगेटिव्ह, तर केवळ आयडीएचसाठी सिक्वेन्सिंगचा आग्रह अनाठायी.