आईबाबांना मोबाइल कुणी शिकवायचा: नातू, क्लास की यूट्यूब?

आईबाबा साठी-सत्तरीचे, हातात नवा स्मार्टफोन, आणि "मला एकदा नीट शिकवा रे" ही मागणी सारखी कानावर. त्यावर घरोघरी तीन तोडगे निघतात: नातवाच्या गळ्यात घालायचं, क्लास लावायचा, नाहीतर यूट्यूबवर व्हिडिओ लावून द्यायचा. कुठला निवडायचा हे आईबाबांना फोन नेमका कशासाठी हवाय यावर ठरतं, आणि हा प्रश्न सहसा कुणी त्यांना विचारत नाही.

नातवापासून सुरुवात करू, कारण बहुतेक घरांत तोच शिक्षक असतो. फुकट, घरातला, हाकेच्या अंतरावर. पण तो शिकवत नाही, करून देतो. "आजी, दे इकडे" म्हणत फोन हातातून घेतो, अंगठा तीन-चारदा फिरतो आणि "झालं!" आजीला दिसतो तो फक्त अंगठा. आठवड्याने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आजीची खरी अडचण बरेचदा बोटात असते. वयाबरोबर त्वचा कोरडी पडते, स्क्रीन स्पर्श चटकन ओळखत नाही. मग आजी बोट जोर लावून दाबून धरते. फोनच्या लेखी तो 'लाँग प्रेस'. आयकॉन हलायला लागतो, भलताच मेनू उघडतो, कधी व्हॉट्सअ‍ॅप होम स्क्रीनवरून गायब होतं. "तूच काहीतरी डिलीट केलंस," असा आळ येतो आणि आजी पुढचे आठ दिवस फोनला हात लावत नाही. पहिल्या दिवशी बाकी काही शिकवलं नाही तरी चालेल. हलकी टिचकी मारायची आणि बोट लगेच उचलायचं, एवढं जमवून घ्या. फॉन्ट मोठा करून द्या. जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) मराठी भाषा घालून माइकचं बटण दाखवा. २०१७ पासून मराठीत बोलून टाइप करता येतं, आणि हे ज्येष्ठांना चटकन जमतं. नातवाला हे सुचेलच असं नाही, कारण तो स्वतः मराठी रोमन लिपीत ठोकतो. त्याला 'ज्ञ' कुठल्या बटणावर आहे विचारून बघा.

मुलांना सगळं येतं, हा समजही जरा सैल करायला हवा. देशभरातल्या ग्रामीण मुलांचं 'असर २०२४' हे सर्वेक्षण सांगतं की १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही केलेली ५७ टक्के, सोशल मीडिया वापरलेली ७६ टक्के. मोबाइल हातात घेऊन जन्मल्यासारखी ही पिढी रील झटक्यात बनवते. सरकारी फॉर्मला लागणाऱ्या मापाची पीडीएफ बनवायची म्हटली की सायबर कॅफे शोधते. फॉर्म ओळ न ओळ वाचायची, पासबुकातली नोंद पडताळायची सवय आजोबांना जास्त. तेव्हा नातू हवाच, पण व्हॉट्सअ‍ॅप, फोटो, व्हिडिओ कॉल एवढ्यापुरता, आणि एका अटीवर: फोन आजीच्याच हातात राहील, नातवाने फक्त तोंड चालवायचं.

क्लास म्हटलं की महाराष्ट्रात पहिलं नाव एमएस-सीआयटी. एमकेसीएलने (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) २००१ मध्ये सुरू केलेला हा संगणकाचा कोर्स गावोगावच्या केंद्रांत चालतो, मराठीतूनही करता येतो. पण त्याचा रोख संगणकावर आणि नोकरीला लागणाऱ्या प्रमाणपत्रावर. वडिलांना सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवायचेत किंवा आठवणी टाइप करायच्यात, तर बेलाशक घाला. केवळ वीजबिल भरण्यासाठी दोन-तीन महिने पंचविशीतल्या पोरांच्या बॅचमध्ये बसवणं मात्र जाच होईल. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी आणलेल्या 'पीएमजीदिशा' या डिजिटल साक्षरतेच्या योजनेत २० तासांचं मोफत प्रशिक्षण होतं, पण वयाची अट १४ ते ६०. ज्यांना सगळ्यात जास्त गरज ते बाहेरच; आणि ती योजनाही २०२४ मध्ये संपली. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणी मोबाइल शिकवत असेल तर ती जागा मला क्लासपेक्षा चांगली वाटते. समवयस्क माणूस "हे मलाही आधी कळत नव्हतं" असं म्हणतो तेव्हा लाज निम्मी होते.

यूट्यूबबद्दल थोडक्यात. व्हिडिओतला फोन वेगळ्या कंपनीचा, अ‍ॅप जुन्या रूपातलं, बटण भलतीकडे. ज्यांना थोडंफार येतं त्यांच्यासाठी उत्तम, नवशिक्यासाठी डोकेदुखी. वहीत पायऱ्या लिहून ठेवणाऱ्यांचंही अपडेट आलं की तसंच होतं, तरी वही सोडू नका. बटणाच्या जागेऐवजी त्यावरचं नाव लिहा.

आता पैशांचा व्यवहार. इथे नातू नको, व्हिडिओ नको, शेजारचा दुकानदार तर नकोच. हे काम तुमचं, मधल्या पिढीचं. यूपीआय सुरू करायचं ते कमी शिल्लक असलेल्या वेगळ्या खात्यावर. पेन्शनचं खातं त्याला जोडू नका. पहिले दोन-तीन व्यवहार समोर बसून, तुम्हालाच दहा रुपये पाठवायला लावून. दोन नियम वहीच्या पहिल्या पानावर: पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि बँकेचा नंबर गूगलवर शोधायचा नाही, पासबुक किंवा कार्डावरचाच लावायचा. त्याखाली १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे गेले तर लाजून दोन दिवस गप्प बसू नये, त्याच तासात फोन करावा, हे आधीच बजावून ठेवा. आणि तेव्हा त्यांना ओरडणार नाही, हे तुम्ही ठरवून ठेवा.

पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखलाही तुमच्याच कामात मोडतो. बोटांचे ठसे पुसट झाल्याने ज्यांना बँकेत परत परत अंगठा लावावा लागतो, त्यांना जीवन प्रमाण अ‍ॅपवर चेहरा दाखवून घरबसल्या दाखला काढता येतो. पहिल्या वर्षी शेजारी बसा. नोव्हेंबर उजाडायची वाट न पाहता दोन्ही अ‍ॅप (चेहरा ओळखणारं वेगळं घ्यावं लागतं) आधीच उतरवून ठेवा.

आणि त्यांना शिकायचंच नसेल तर? तेही चालतं. बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायला २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, दाखल्यासाठी पोस्टमन घरी येतो, वीजबिल तुमच्या फोनवरून भरता येतं. व्हिडिओ कॉल मात्र शिकवून टाका.