नव्या कारचं पहिलं ऑइल: हजारावर की दहा हजारावर?

नवी गाडी दारात उभी राहिली की गावात सल्ला मिळतोच, "हजार किलोमीटर झाले की ऑइल काढून टाक भाऊ." सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, दहा हजारापर्यंत हात लावायचं काम नाही. दोघंही उगाच बोलत नाहीत.

हजाराचा सल्ला मोटरसायकल आणि ट्रॅक्टरवरून आलेला आहे. मोटरसायकलचं ऑइल पहिल्याच सर्व्हिसला, पाचशे-साडेसातशे किलोमीटरवर बदलतात. ट्रॅक्टरचं बहुतेक ५० तासांवर. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात, आणि ते ऑइलही जेमतेम लिटरभर. क्लचप्लेटची झीज, गिअरच्या दातांचा कीस, सगळं त्यातच मिसळतं. कारचा गिअरबॉक्स वेगळा, त्याचं ऑइल वेगळं, क्लच कोरडा, आणि छोट्या पेट्रोल इंजिनातही तीन-साडेतीन लिटर ऑइल. त्यामुळे मोटरसायकलचा हिशेब कारला जसाच्या तसा लावता येत नाही.

तरी नवं इंजिन सुरुवातीला झिजतंच. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासून बसतात, तेव्हा धातूचे बारीक कण सुटतात. हजारावर काढलेल्या ऑइलचा थेंब बोटावर घेऊन उन्हात धरला, तर कधीकधी चंदेरी झाक दिसते. मोठे कण फिल्टर धरतो. अगदी बारीक कण ऑइलसोबत फिरत राहतात. लवकर ऑइल बदलणाऱ्यांचा मुद्दा हाच, आणि तो खरा आहे. पण आता इंजिनाचे भाग पूर्वीपेक्षा फार अचूक घडवले जातात, त्यामुळे हा कीस कमी निघतो. म्हणून पेट्रोल गाड्यांना बहुतेक ठिकाणी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. शिवाय काही कंपन्या कारखान्यातच सुरुवातीसाठी खास ऑइल भरतात. तुमच्या गाडीसोबतच्या पुस्तकात ते लवकर काढू नका असं लिहिलं असेल, तर विषय संपला.

हजारावरच्या पहिल्या फ्री सर्व्हिसमध्ये ऑइल बदललं, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक वेळा तिथे नुसती तपासणी होते. बिलावर ऑइल आणि फिल्टर लिहिलं नसेल, तर ते बदललेलं नाही.

आता आपल्या भागाचं पाहू. गाडीसोबतच्या पुस्तकात सर्व्हिसच्या मुख्य तक्त्याच्या आसपास कठीण वापराचा वेगळा तक्ता बहुधा असतो, आणि तो कोणी उघडत नाही. धुळीचे रस्ते, वारंवार छोटे फेरे, कडक ऊन, या सगळ्यांसाठी त्यात मुदत कमी दिलेली असते, पुष्कळदा निम्मी. यवतमाळ-वर्ध्याकडच्या कास्तकाराची गाडी सकाळी दोन किलोमीटरवरच्या वावरात जाते, तिथून फाट्यावर, परत घरी. इंजिन पुरतं तापतच नाही. पेट्रोलचा अंश आणि ओल ऑइलमध्ये उतरते आणि उडून जायला वेळ मिळत नाही. कापूस निघायच्या दिवसांत पांदणीवरची धूळ, मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन. अशा गाडीला दहा हजारापर्यंत थांबवणं मला पटत नाही. पाच हजार किंवा सहा महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

रोज तालुक्याहून अमरावतीला डांबरी रस्त्याने नोकरीला जाणाऱ्या शिक्षकाचं तसं नाही. त्यांचं इंजिन रोज नीट तापतं. त्यांनी निर्धास्त दहा हजाराची वाट पाहावी. गाडी टर्बो पेट्रोल असेल, किंवा पंधरा वर्षं घरात ठेवायची असेल, तर हजार-दीड हजारावर एकदा जास्तीचं ऑइल बदलण्यात वावगं काही नाही. पुस्तकाची मनाई तेवढी नसावी. खर्च दोन-अडीच हजारांच्या घरात जातो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक फेरा पडतो.

आणि ऑइल हजारावर बदला की दहा हजारावर, पहिल्या हजारात गाडी कशी चालवली त्याचाही इंजिनावर तितकाच परिणाम होतो. नागपूरच्या शोरूममधून निघून थेट समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने पळवू नका. वेग कमी-जास्त होऊ द्या, जास्त ताण देऊ नका, आणि अधूनमधून डिपस्टिक काढून पातळी पाहा. नवं इंजिन सुरुवातीला थोडं ऑइल खाऊ शकतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. "आपल्याकडे ऊन जास्त, जाड ऑइल टाक" म्हणून कोणी 20W-40 चा डबा पुढे केला, तर घेऊ नका. आजच्या पेट्रोल इंजिनांना बहुधा 0W-20 किंवा 5W-30 असं पातळ ऑइल लागतं. त्यांच्या बारीक वाटांतून थंड असताना जाड ऑइल वेळेवर पोचत नाही. डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल, तर त्याला चालणारं कमी राखेचंच ऑइल हवं. पुस्तकातला ग्रेड डब्याशी ताडून पाहा. बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलणार असाल, तर ग्रेड, तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. वॉरंटीचा वाद निघाला तर तेच कामी येतं.