गरम इंजिनाचा व्हिडिओ पाहून १/५ स्केलची गाडी घेऊ नका

सोलापुरात १/५ स्केलच्या (खऱ्या गाडीच्या एक पंचमांश आकाराच्या) पेट्रोलवरच्या आरसी, म्हणजे रिमोटने चालणाऱ्या गाड्या शिकू पाहणाऱ्यांना जुनी गाडी ‘ट्यूनिंग शिकवण्यासकट’ विकणारे भेटू लागलेत. जुळे सोलापुरातल्या एका शिकाऊ मुलाने अशीच एक सपाट रस्त्यावर पळवायची (ऑन-रोड) गाडी ८५ हजारांना घेतली. २३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ‘दोनच टाक्या पेट्रोलवर चाललंय’ असं सांगितलेलं. १५ हजार आगाऊ यूपीआयने गेले, मग व्हिडिओ आला. त्यात गाडी सुसाट पळत होती. घरी आणल्यावर पाचव्या दिवशी इंजिन जाम.

सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले की एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन थेट दिसतो. इंजिन सुरू करायची दोरी हळू ओढत पिस्टन वर-खाली करायचा आणि मोबाइलचा टॉर्च मारायचा. चांगल्या पिस्टनवर बारीक आडव्या रेघा असतात, त्या कारखान्यातल्या. या गाडीत उभे ओरखडे होते, नखाला लागतील इतके खोल. काही चकचकीत, म्हणजे ताजे. पण बाकीच्यांत काजळी घट्ट बसली होती. ते ओरखडे पाच दिवसांतले नव्हेत.

मग व्हिडिओत गाडी पळाली कशी? प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं की झिजलेल्या इंजिनालाही काही मिनिटं कॉम्प्रेशन येतं. स्लो (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग) वाढवून ठेवला की ते बंदही पडत नाही. या गाडीत कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधलं गॅस्केट फाटलेलं होतं, तिथून हवा ओढली जात होती. ओळखायची खूण सोपी आहे: थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही, रेंगाळतो.

सगळ्यात वाईट भाग ‘शिकवणी’चा. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं, ‘एच नीडल पाव फेरा बंद कर, स्पीड वाढेल.’ एच नीडल म्हणजे जास्त वेगात किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा कार्ब्युरेटरवरचा स्क्रू. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. नीडल बंद केली की पेट्रोल घटतं, ऑइलही घटतं, आणि एक्झॉस्टकडची बाजू आधी करपते. त्यात एप्रिलचं सोलापूर, पारा चाळिशीपार. इंजिन जाम झाल्यावर उत्तर आलं, ‘नीडल तू फिरवलीस, आता माझी जबाबदारी नाही.’ हा सल्ला चुकून दिलेला नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

म्हणून गाडी बघायला जाताना आधी सिलिंडरला हात लावा. कोमट असेल तर ते आधीच चालू करून ठेवलेलं आहे; तासभर थांबा किंवा परत या. थंड इंजिन चोक देऊन सात-आठ ओढींत सुरू व्हायला हवं. दोरी ओढताना ठळक अडसर जाणवला पाहिजे, नुसती सुळकन येता कामा नये. सायलेन्सर काढू देत नसेल तर व्यवहार तिथेच संपला. स्लोवर चाकं फिरत असतील तर क्लचची स्प्रिंग गेलेली आहे किंवा स्लो मुद्दाम वाढवलेला आहे.

या गाडीला फेलसेफही (सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय) लावलेला नव्हता. दहा किलोची गाडी ताशी ७०-८० च्या वेगात सिग्नल तुटून माणसांत शिरली तर पाय मोडेल. चाकं उचलून, इंजिन चालू ठेवून रिमोट बंद करा: थ्रॉटल मिटून ब्रेक लागलाच पाहिजे. रिसीव्हरची बॅटरीच मेली तर फेलसेफही मरतो, म्हणून इंजिनाची ठिणगी तोडणारा वेगळा किल स्विच हवा.

गाडी हातात आल्यावर नवशिक्याने दोन्ही नीडल अलगद पूर्ण बंद करून एल (कमी वेगाची) सव्वा फेरा आणि एच दीड फेरा उघडावी, नंतर बदल एका वेळी फक्त एक अष्टमांश फेऱ्याचा. एक लिटर पेट्रोलला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल. प्लग कॉफीच्या रंगाचा दिसला पाहिजे. पांढरट दिसला तर त्याच क्षणी थांबा आणि एच उघडा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत ठेवून देऊ नका, त्याने कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो. गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला हे कार्ब्युरेटर ओळखीचं असतं. शंभर-दोनशे रुपये देऊन त्यालाच बघायला सोबत न्या.

आगाऊ पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, चॅट पुसू नका. तीच जाहिरात अजून फिरते आहे. व्हिडिओ नीट पाहा: पहिल्याच क्षणी इंजिन चालू आहे, दोरी ओढताना कोणी दिसत नाही.