पहिल्या कोंबड्या: एक दिवसाची पिल्लं की तयार तलंगा?

घरच्या अंड्यांसाठी पाच-सहा कोंबड्या पाळायच्या असतील, तर पहिल्या खेपेला तलंगाच (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणा. पिल्लू स्वस्त पडतं, हे खरं. पण पहिला आठवडा त्याला 35 अंशांच्या आसपास ऊब लागते. रात्री वीज गेली की पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. मानमोडीची (राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची) लसही पहिल्या आठवड्यातच द्यावी लागते. गावरान पिल्लांत कोंबडे किती निघतील, तेही आधी कळत नाही. एक मात्र आहे, हातावर वाढलेलं पिल्लू जसं माणसाळतं, तशी विकतची तलंग नाही माणसाळत.

साडेतीन-चार महिन्यांची तलंग थोडी महाग, पण लसी झालेल्या असल्या तर (हे विचारूनच घ्या) निम्मी काळजी मिटते. आणल्यावर आधी गूळपाणी द्या. तीन-चार दिवस खुराड्यातच ठेवा, नाहीतर तिन्हीसांजेला आंब्यावर जाऊन बसतात. पुढे महिना-दीड महिन्यात तुरा लालबुंद होतो. पाठीवर हात ठेवताच ती पंख किंचित पसरून खाली बसते. तेव्हा कोपऱ्यात भाताच्या तुसाचं घरटं करून ठेवा, अंडं आता येईलच.